करवंटी, पाणी आणि दीड वर्षांची नात

माननीय संपादक महोदय,

माझी दीड वर्षांची नात पडवीत बसून करवंटीने एका टोपातले पाणी दुसऱ्यात ओतते, सांडते, क्षणभर थांबते आणि पुन्हा भरते, तेव्हा तिची नजर, बोटे आणि ‘भरले’, ‘संपले’ हे शब्द एकत्र घडताना मी रोज पाहते. (पाण्याजवळून मोठ्यांनी क्षणभरही हलू नये, चिंचोके, मणी तर या वयात नकोतच.) जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याची शिफारस केली, तरीही भरवताना मोबाईल सर्रास समोर धरला जातो, याचे फार वाईट वाटते. आपण घरगुती खेळांचे साप्ताहिक सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

– एक आजी, डिचोली