दुकान रात्री दहापर्यंत, मग माणूस घरी कसा जाणार?

मा. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांस,
सप्रेम नमस्कार.

आज, 3 ऑगस्ट 2021 पासून मुंबईतली दुकानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. दादरच्या एका कापड दुकानात मी हिशेबाचं काम बघतो, त्यामुळे आनंद झाला हे आधी सांगतो. चारला शटर ओढायचं आणि शनिवार-रविवार कुलूप, या नियमाने गर्दी कमी झालीच नव्हती. ती बारा ते चारमध्ये कोंबली जात होती. सहाला सुटणारा नोकरदार तर आमच्याकडे फिरकूच शकत नव्हता. नियम गेला, बरं झालं.

पण साहेब, दहाला दुकान वाढवून आम्ही घरी जायचं कसं? मालक दादरलाच राहतात. आम्ही नोकरमाणसं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याची, आणि लोकल आम्हाला एप्रिलपासून बंद आहे. शिळफाट्याचा रस्ता पावसात कसा असतो ते आपल्याला ठाऊक असेल. शेअर गाडीत चौघे-पाचजण काचा लावून, मांडीला मांडी लावून बसतो. त्यात कुठलं अंतर आणि कुठली हवा! महिन्याच्या पासाचे पैसे दोन दिवसांत उडतात. ज्याची ओळख आहे तो मेडिकल दुकानाचं ओळखपत्र खिशात ठेवतो आणि निवांत लोकलने येतो. ज्याची नाही तो कधीतरी धाडस करतो आणि टीसीला पाचशे रुपये मोजतो. बंदी पाळतो तो फक्त साधा माणूस.

आपली भीती आम्हाला कळते. 4 एप्रिलला एकट्या मुंबईत 11,163 रुग्ण सापडले, 18 एप्रिलला राज्यात 68,631. खाटेसाठी आणि ऑक्सिजनसाठी झालेली धावपळ कुणीच विसरलेलं नाही. 1 फेब्रुवारीला लोकल सगळ्यांना खुली झाली आणि पाठोपाठ लाट आली, हे आपल्या सल्लागारांच्या मनात असणारच. लोकलने हातभार लावला नाही असं मी म्हणत नाही. पण लाटेची चाहूल आधी अमरावती-अकोल्याकडे लागली होती, आणि तिकडे लोकल धावत नाही. शिवाय फेब्रुवारीत आम्हाला मिळालेल्या वेळा आठवा: पहाटेपासून सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. दहाच्या कामावर जायला सातच्या आत निघायचं आणि संध्याकाळी नऊ वाजायची वाट बघत फलाटाबाहेर थांबायचं. कामाची वेळ तीच ठेवून फक्त प्रवाशाची वेळ बदलली, ते चालणार कसं?

आता दोन डोस झालेल्यांना लोकल मिळेल अशी चर्चा आहे. जरूर द्या, उद्या द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. 18 ते 44 वयोगटाचं लसीकरण राज्याने 12 मे रोजी थांबवलं, कारण असलेला साठा 45 च्या वरच्यांना दुसऱ्या डोससाठी हवा होता. त्यात चूक काही नव्हती. सरकारी केंद्रांवर तरुणांची रांग जूनच्या उत्तरार्धात पुन्हा लागली. आमच्या काउंटरवरच्या पोराला पहिली कोविशील्ड 22 जूनला मिळाली असं धरा. 84 दिवसांनी दुसरी, म्हणजे 14 सप्टेंबर. वर चौदा दिवस धरले की उजाडतो 28 सप्टेंबर. ज्यांना खासगी रुग्णालयात पैसे भरून आधीच लस घेता आली ते सुटले. हा मात्र सरकारने सांगितलं म्हणून थांबला, सरकारने सांगितलं तेव्हा रांगेत उभा राहिला, आणि लोकलच्या दारातही पुन्हा हाच शेवटचा. एप्रिलच्या मदतीत नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षावाले, बांधकाम मजूर यांना दीड हजार रुपये जाहीर झाले. दुकानातला नोकर त्या यादीतही नव्हता.

म्हणून विनंती अशी की ज्या दुकानांना आपण दहापर्यंतची मुभा दिलीत, त्यांच्या गुमास्ता नोंदणीवर नोकरांची यादी घ्या आणि पहिला डोस झालेल्यालाही मासिक पास द्या. खोटी यादी देणाऱ्या मालकाला जबर दंड करा, आमची हरकत नाही. आणि गर्दी पसरवायचीच असेल तर कचेऱ्यांच्या वेळा बदला. सुरुवात मंत्रालयापासून करता येईल: काही विभाग आठला, काही अकराला. महामारीच्या आधी लोकलने रोज पाऊणएक कोटी लोक जात, आणि त्यांतले बहुतेक त्याच दोन-तीन तासांत जात. हा घोळ कोरोनाच्या आधीचाच आहे.

रेल्वे म्हणते राज्याने कळवावं. गेल्या ऑक्टोबरात महिलांसाठी राज्याचं पत्र 16 तारखेला गेलं आणि परवानगी 21 पासून मिळाली, मधले दिवस कुणी कुणाला काय विचारलं यातच गेले. 10 सप्टेंबरला गणपती आहेत. आमचा वर्षाचा धंदा त्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत होतो, तेव्हा यावेळचं पत्र याच आठवड्यात जावं.

आपला,
डोंबिवलीचा एक पासधारक (पास सध्या कपाटात)