विरोध नेमका कशाला होता?

साथीच्या निर्बंधांविरुद्ध रस्त्यावर उतरणाऱ्यांना सरसकट अडाणी ठरवणारा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. मुंबईतल्या प्लेगचा त्यातला दाखला अर्धवट आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले, ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांनी तपासणी पथकाला अडवले आणि दंगल पेटली, हे खरे. पण रोख होता तो घरातला आजारी माणूस बळजबरीने रुग्णालयात उचलून नेण्यावर.

त्या उपायांमागचे शास्त्रही कच्चेच होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांना कराचीत उमगले ते १८९८ मध्ये. तोवर पथके काखेत, जांघेत गाठ चाचपत होती, कौले काढून घरात ऊन पाडत होती, मोऱ्यांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतत होती. गाठीच्या प्लेगचा रोगी शेजाऱ्याला सहसा थेट बाधा देत नाही. हुसकावलेला उंदीर मात्र शेजारच्या चाळीत जातो, पिसवांसकट! शिवाय पथक येणार म्हटले की लोक रोगी माळ्यावर लपवत. शेवटी झडत्या सैल कराव्या लागल्या आणि ज्ञातीज्ञातींना स्वतःची रुग्णालये काढू द्यावी लागली.

या झडत्यांना आधार देणारा १८९७ चा साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर आला. त्याच्या कलम ४ मध्ये अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. रोग्याच्या घरच्यांनी दाद कुठे मागायची, याची एक ओळही नाही.

– एक वाचक, गिरगाव