नोटीस मिळाली, पण जायचं कुठे?

संपादक साहेब, नमस्कार,

मिरगाच्या आधी दरडीची नोटीस आमच्या वाडीत दरवर्षी येते, यंदाही आली. जागा धोक्याची आहे, पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी जा, नाहीतर जबाबदारी तुमची, असा मजकूर. चुलतीने अंगठा उठवला आणि मलाच विचारलं, "बाळा, जाऊ कुठं? आणि म्हशी कुठं बांधू?" सुरक्षित ठिकाण म्हणजे मराठी शाळेच्या दोन खोल्या, त्यातली एक गळते आणि संडासाला दार नाही. मग कोण जाणार सांगा, आणि उद्या काही झालं की म्हणायचं लोक ऐकत नाहीत.

इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वर रस्ता नाही म्हणून जेसीबी नेता येईना, कुदळ फावड्याने चिखल उपसत होते. आणि ती वाडी दरडीच्या धोक्याच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच सांगितलं! त्याआधी २०२१ ला तळिये, २०१४ ला माळीण. माळीण गाडलं गेलं हे तर एसटीच्या ड्रायव्हरमुळे बाहेर कळलं.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा वाईट नाही, कलेक्टरला भरपूर अधिकार आहेत, पण प्राधिकरण देशाला, राज्याला, जिल्ह्याला, आणि २०२५ च्या दुरुस्तीने महापालिकांच्या शहरांनाही, वाडीला मात्र काहीच नाही. आणि उतारावर राहतं कोण, तर ठाकर, कातकरी, धनगर, कारण खालची सपाट जमीन एकतर दुसऱ्याच्या नावावर नाहीतर वनखात्याची, तिथे झोपडी टाकली की अतिक्रमण. डोंगराला भेग पडली किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं तर पहिल्यांदा दिसतं गुराख्याला, पण यादी करताना त्याला कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की नोटिशीवर जायच्या सुरक्षित जागेचा गट नंबर लिहा, तिथे मे महिन्यातच शेड, पाणी, संडास आणि जनावरांना गोठा तयार ठेवा, आणि धोक्याच्या वाड्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा म्हणजे राहिलेली नावं लोकच सांगतील. चुलती चालत जायला तयार आहे, म्हशींची सोय झाली तर आजच निघेल.

- एक वाचक, रायगड जिल्हा