बाबांच्या प्रुफातला रफार

पुणे, 25 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला आले होते, त्या मुक्कामातली एक संध्याकाळ इथे परतल्यापासून मनातून जात नाही. बाबा, नव्या पेठेतल्या छापखान्यातून आलेले लग्नपत्रिकेचे प्रूफ तुम्ही ओळीखाली पट्टी धरून तपासत होता. ‘आर्शिवाद’पाशी लाल पेन्सिल थांबली; तुम्ही ‘शि’वरचा रफार काढून ‘वा’वर नेलात आणि वेलांटी दीर्घ केलीत. तेवढ्यात आईने विचारले, “लग्न कुणाकडचं आहे हो?” तुम्हाला सांगता आले नाही. “आता डोक्यात काही राहत नाही,” एवढे म्हणून तुम्ही जेवतानाही गप्पच होता. तुमचे ते गप्प बसणे मला फार लागले, म्हणून हे पत्र.

मी ज्या विषयाचा अभ्यास करते त्यात याच्या अगदी जवळचा एक प्रयोग आहे. पडद्यावर एखादा शब्द सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागापुरता दाखवून लगेच त्यावर निरर्थक अक्षरांचा पडदा टाकला, तर माणसाला तो शब्द दिसल्याचे कळतसुद्धा नाही. तरीही, आपल्या भाषेतले उदाहरण घ्यायचे तर, न दिसलेल्या ‘चादर’नंतर ‘उशी’ हा शब्द तो थोडा लवकर ओळखतो. हे सारे आपोआप घडते, लक्ष कुठे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही, असे बराच काळ मानले जाई. जर्मनीतील उल्म विद्यापीठाच्या मार्कुस कीफर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, असा लपवलेला शब्द दाखवण्याच्या आधी लोकांना दुसरे एक छोटे काम दिले होते: कधी समोरच्या शब्दाची वस्तू सजीव की निर्जीव ते सांगायचे, तर कधी शब्दातल्या अक्षराचा आकार बंद आहे की उघडा एवढेच पाहायचे. शब्दाचा अर्थ आधीच्या शब्दाशी जुळतो की नाही याची खूण, शब्द दिसल्यावर सुमारे 400 मिलिसेकंदांनी, मेंदूच्या विद्युतलहरींत उमटते. अर्थाचे काम आधी केले असले की न दिसलेल्या शब्दाचा हा परिणाम ठळक होता. आकाराचे काम आधी केले असले की तो मंदावला. म्हणजे जो शब्द आपण पाहिलाच नाही असे वाटते, त्याचेही मनात काय व्हायचे ते आपण आधी कोणत्या कामाला बसलो होतो त्यावर ठरते.

पॅरिसच्या संशोधकांनी 2002 साली आकड्यांवर असाच प्रयोग केला होता. पुढचा आकडा केव्हा येणार याकडे लक्ष लागलेले असे, तेव्हाच लपवलेल्या आकड्याचा परिणाम दिसे.

बाबा, तुम्ही छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवण्याच्या काळापासून काना, मात्रा आणि रफार पाहायला बसता. मी शाळेत असताना, “मजकुरात शिरलं की चूक निसटते,” असे तुम्हीच मला बजावले होते, आणि तेव्हाही प्रुफात काय लिहिले आहे ते तुम्हाला सांगता येत नसे. आई, तुला आठवत असेल, तूच त्यावरून चिडायचीस. प्रयोगातले काम काही क्षणांचे आणि बाबांचे जन्मभराचे, शिवाय बाबांना शब्द लख्ख दिसत असतात, त्यामुळे त्या निष्कर्षांवरून बाबांविषयी छातीठोकपणे काही सांगणे बरोबर होणार नाही. पण त्या संध्याकाळी मला जे दिसले तो विसर नव्हता, ती कमावलेली नजर होती, असे मला मनापासून वाटते. औषधाची वेळ किंवा बाळीवेशीकडून घरी यायची वाट चुकू लागली, तर मात्र मला लगेच कळवा. तेव्हा आपण डॉक्टरांकडे जाऊ.

आई, पुढचे प्रूफ आले की बाबांनी पेन्सिल उचलण्याआधी तू त्यांना सांग, “आधी लग्न कुणाचं ते बघा, मग चुका काढा.” त्यानंतर त्यांना काय आठवते आणि किती चुका निसटतात, हे दोन्ही मला लिहून कळव.

तुमची,
ताई