'ऑपरेशन पवन'बद्दल तू विचारलंस म्हणून

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

'ऑपरेशन पवन', म्हणजे श्रीलंकेतली आपली लष्करी मोहीम. तिच्यावर वर्गात बोलायचंय म्हणून तू विचारलंस, एवढी मोठी फौज तिथे अडकली कशी; हा तुझा प्रश्न अगदी योग्य आहे. जवान शौर्यात कुठेच उणे नव्हते. खबर मात्र मिळत नव्हती, आणि गनिमाशी लढताना खबर नसेल तर रणगाडेही आंधळे.

२९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपलं सैन्य गेलं ते शांतता राखायला. ऑक्टोबरात त्यालाच एलटीटीईशी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेशी, लढायचा हुकूम आला. तोवर आपली ठाणी, आपले रस्ते त्यांना पाठ झाले होते. आपल्याकडे तमिळ जाणणारे दुभाषीसुद्धा पुरेसे नव्हते.

जाफना विद्यापीठावरच्या ११ ऑक्टोबरच्या रात्रीच्या कारवाईचा बारकाईनं अभ्यास कर. हेलिकॉप्टरनं मैदानात उतरून एलटीटीईचे नेते पकडायचे, असा बेत होता. पण रेडिओवरचं आपलं बोलणं त्यांनी आधीच ऐकलं होतं. एमआय-८ हेलिकॉप्टरांवर इतका मारा झाला की पुढच्या खेपा थांबल्या आणि १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जवान तिथे एकटे पडले. २९ धारातीर्थी पडले, एक पकडला गेला. त्याच कारवाईत उतरून अडकलेल्या पॅरा कमांडोंकडे रणगाडे गेले तेही रेल्वेच्या रुळांवरून, कारण रस्ते सुरुंगांनी भरलेले.

या सुरुंगांनी फार माणसं खाल्ली. स्फोटकं रस्त्याखालच्या मोरीत, वायर लांब झाडीत आणि तिथे बटण दाबणारा दबा धरून. गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या की एका स्फोटात दोन जातात. मोरी तपासताना तिच्याशीच घोटाळत राहू नये. रस्त्यापासून बरंच आत, त्याला समांतर चालत वायर शोधावी. गेलेल्या वाटेनं परतू नये. हातघाईच्या अंतरावर आपली एसएलआर रायफल एकेक गोळी झाडायची, समोर सलग गोळ्या झाडणारी एके-४७.

मेजर रामास्वामी परमेश्वरन तुमच्याच अकादमीचे, महार रेजिमेंटचे. २५ नोव्हेंबरच्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर घात झाला. ते जागीच अडकून राहिले नाहीत, वळसा घालून गनिमाच्या पाठीवर गेले. छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्यालाच टिपलं. मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. पाठीवर जाण्याचा तो निर्णय तू शब्दाशब्दानं समजून घे.

जाफना शहर महिन्याभरात हाती आलं, गनीम मात्र जंगलात निसटला. मग गावांना वेढे सुरू झाले. मोठ्या वेढ्याची चाहूल आधीच लागते. हत्यारवाला निघून जातो आणि झडती सामान्य माणसाची होते. जाफन्याच्या रुग्णालयात तर डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. हे मांडताना आवाज खाली करू नकोस. लोक दुरावले की खबर आणखी आटते.

१९८९ मध्ये श्रीलंकेच्या राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांच्या सरकारनंच एलटीटीईला शस्त्रं पुरवली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, तोवर सुमारे १,२०० जवान गेले होते.

वर्गात बोलताना आधी नकाशावर जाफन्याजवळचा पलालीचा हवाई तळ, विद्यापीठ आणि रेल्वेमार्ग दाखव, तारखा नंतर सांग.

तुझे,
बाबा