चाचा, जे विकलं नाहीत त्याचे आभार

परभणी

चाचा, सलाम.

पत्र जाहीर लिहितेय, कारण जुनी सुतारी हत्यारं शोधत फिरणारे माझ्यासारखे आणखीही काहीजण इकडे आहेत. चांगला भंगारवाला कसा ओळखावा, हे त्यांनाही कळलेलं बरं. तुमचं नाव आणि दुकानाची गल्ली मात्र लिहीत नाही. तुम्हीच बजावलं होतंत, "नाम मत लिखना ताई, उधारीवाले आयेंगे."

तुम्ही जे विकलंत त्याचे पैसे मी दिले, व्यवहार संपला. आभार मानायचेत ते जे विकलं नाहीत त्याबद्दल.

तो चंदेरी रंग मारलेला जॅक, म्हणजे मधल्या लांबीचा, रंधा आठवतोय? लांबून अगदी नवाकोरा दिसत होता. मी पिशवी उघडून उभी. तुम्ही त्याचं पातं, त्यावरची टोपी, स्क्रू सगळं काढून बाजूला ठेवलंत, नुसता सांगाडा दोन बोटांत लटकता धरलात आणि पान्याच्या टोकाने हलकेच ठोकलंत. बद्द वाजला. मग शेजारचा गंजकट घेतलात, तोही तसाच मोकळा करून ठोकलात. ठण्ण! मग नखाने चंदेरी रंग खरवडलात, तर पातं बाहेर येतं त्या फटीपासून कडेच्या भिंतीवर चढत गेलेली भेग, आणि तिच्यावर सांधायला मारलेला पितळेचा डाग. "बीड है ताई, गिऱ्या तो चटकताच. ये नक्को." रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं असतं, जड आणि ताठ म्हणून लाकडावर थरथरत नाही. पण बाकावरून फरशीवर पडलं की तडकतं, आणि तडकतं ते बहुतेक त्या फटीजवळ, कारण तिथे धातू सगळ्यात कमी. ही गोष्ट आधीही कुठेतरी वाचली होती. कानाने ऐकली ती तुमच्याकडे.

गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं असताना "नक्को" म्हणणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही. मी बँकेत काउंटरवर बसते, लोक पैशासमोर कसे वागतात ते रोज बघते.

तुमच्याकडे ही हत्यारं येतात कुठून, हेही लिहायला हवं. इकडच्या लोखंडी भंगाराची वाट जालन्याची. तिथल्या भट्ट्यांत ते वितळतं आणि सळई होऊन परत आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये येतं. गावोगाव तिफणी, वखरं, बैलगाड्या करणारी सुतारांची घरं होती. ट्रॅक्टर आला, अवजारं लोखंडी झाली, फर्निचर प्लायवूडचं झालं, हातरंध्याची जागा विजेच्या रंध्याने घेतली. म्हातारा गेला की वाकस, पटाश्या, गिरमिट, सामता अशी सगळी पेटी वजनावर विकली जाते. गाडी भरायच्या आधी तुम्ही पोत्यात हात घालून ती बाजूला काढता. यात तुम्हाला दोन पैसे जास्त मिळतात हे खरं, आणि मिळायलाच हवेत. पण हात घालायचा तर काय उचलायचं ते कळावं लागतं.

आणि काय उचलायचं नाही तेही. तेल लावलेली, धार असलेली पटाशी घेऊन एखादं पोरगं आलं की तुम्ही आधी विचारता, "बाप किधर है?" गंजलेलं हत्यार वारशात आलेलं असू शकतं, तेलातलं हत्यार म्हणजे त्याच्यावर अजून कुणाचं तरी पोट आहे. माझ्यासमोर एकाला तुम्ही तसंच परत पाठवलंत. तो शिव्या देत गेला. तुम्ही चहा मागवलात.

पूर्णेकडून आलेल्या त्या पेटीचं सांगते. पूर्णा म्हणजे मनमाड-सिकंदराबाद मीटरगेजवरचं जुनं जंक्शन, तिथल्या पेटीत सुतारी सामान निघणं नवल नव्हतंच. एका मोठ्या पटाशीच्या मुठीवर एन. एस. आर. अशी अक्षरं ठोकलेली होती. तुम्ही लगेच म्हणालात, निजामाच्या रेल्वेची. ती रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली, म्हणजे अक्षरं त्याच्या आधीची असावीत. पटाशीच्या पात्यावर ‘कास्ट स्टील’ आणि ‘शेफील्ड’ असं कोरलेलं. यातलं कास्ट म्हणजे बीड नव्हे, मुशीत वितळवून केलेलं पोलाद. इंग्लंडात शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने ते १७४० च्या दशकात जमवलं. आणि मुशीतलं पोलाद आपल्या शेजारीच, नांदेड ओलांडून गेलं की लागणाऱ्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रमला त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं. इराणचे व्यापारी ते घ्यायला तिथवर यायचे. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हौ, पर ये मूठ तो बाभळीची है." खरंच होती. शेफील्डची मूठ कधीतरी तुटली असणार आणि इकडच्या कुण्या सुताराने बाभळीची घालून घेतली. तीच हाताला जास्त चांगली बसते.

नावावर मरणाऱ्या लोकांचा मला थोडा राग आहे, तो इथे काढून घेते. स्टॅनले, रेकॉर्ड, मार्पल्स ही हत्यारांच्या कंपन्यांची नावं वाचली की काहींच्या डोळ्यांत भाव चढतो, आणि तोच रंधा घासूनपुसून मोबाइलवरून शहरात दामदुप्पट विकला जातो. विकोत बापडे. पण घासतात ते विजेच्या चाकावर. कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसली जातात आणि पातं तापून धारेजवळ निळं पडतं. निळं पडलं की पाणी उतरलं, पोलादाचा कडकपणा गेला; मग निसण्यावर तासभर घासा, सागाच्या दोन फळ्यांत धार बसते. अशी चकचकीत पटाशी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवून तुम्हाला दाखवायला आणली होती. तुम्ही उन्हात नेऊन तिरपी धरलीत आणि टोकाची निळसर छटा दाखवलीत. बोलला काहीच नाहीत, हे उपकारच.

माझा रेकॉर्डचा ०४ नंबरचा रंधा तुमच्याच पोत्यातला. वर ग्रीस आणि भुश्याचा काळा थर, पण फ्रॉगच्या, म्हणजे पातं ज्यावर टेकतं त्या तिरप्या भागाच्या, मागे बोट फिरवलं तेव्हा खालून तो निळा रंग दिसला. रेकॉर्डचे रंधे १९३१ पासून निघाले, नमुना अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीचा, जो स्टॅनलेने आधीच घेतलेला होता. म्हणून दोघांची ठेवण इतकी सारखी. तुम्ही मला तेव्हा पितळी चाक पुढेमागे फिरवून बघायला लावलंत, पातं डावी-उजवीकडे सरकवणारी पट्टी हलवायला लावलीत, आणि एकेक स्क्रू सोडून परत बसवायला लावलात. का, ते नंतर कळलं. या जुन्या स्क्रूंचे आटे आजच्या मेट्रिक स्क्रूंशी जुळत नाहीत. एक हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. दुसरा मोडका रंधा शोधायचा, नाहीतर लेथवाल्याकडे जायचं. पातं किती उरलंय तेही तुम्ही बोटाने मोजून दाखवलंत. वरच्या लांब खाचेपासून धारेपर्यंत बोटभरही पोलाद नसेल तर तो रंधा किलोच्या भावातही महाग.

घरी नेल्यावर सगळं सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी पितळी ब्रशने घासलं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं, उन्हात कोरडं करून शिलाई मशीनचं तेल लावलं. सासूबाई म्हणाल्या, घरात करडईचं तेल आहे की. करडईचं आणि जवसाचं, दोन्ही तेलं हवेत वाळून साय धरतात. लाकडी मुठीला ते चांगलं, मुठी मी जवसाच्या तेलानेच पुसल्या. लोखंडाला लावलं तर महिन्यात चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. सासूबाईंना हे पटलेलं नाही. त्यांचा अडकित्ता अजून करडईवरच चालतो.

त्या रंध्याने पहिलं काम केलं ते त्यांच्याच पाटाचं. जुना सागाचा पाट, मधे खोलगट झालेला. पात्याचा कोन, टोपी धारेच्या किती जवळ, हे जुळायला वेळ गेला. जुळल्यावर कागदासारखा पातळ छिलका सलग वर आला आणि पाटाखालून सागाचा तेलकट वास सुटला. एक छिलका पिशवीत घालून तुम्हाला दाखवायला आणला होता, तुम्ही तो चष्म्यासमोर धरून त्याच्यातून रस्त्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "अब आयी ताई."

आता एक काम. मागच्या भिंतीला जो शिकंजा टेकवून ठेवलाय, त्याचा दुसरा जबडा अजून सापडलेला नाही ना? पूर्णेच्या पेटीच्या तळाशी एकदा परत बघा. आणि एखादा जुना लोखंडी गुण्या आला तर बाजूला काढून ठेवा, पण काटकोन आधी तुम्ही तपासा: फळीवर एक रेघ, गुण्या उलटवून दुसरी, दोन्ही एकावर एक आल्या तरच. उरुसाची गर्दी ओसरली की येते. भाव तुम्ही सांगाल तो, घासाघीस मात्र मी करणारच.

तुमची,
बँकेवाली ताई