जलवाहतूक स्वस्त, पण कोणत्या अटींवर?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जलवाहतुकीचा विषय निघाला की 'सर्वांत स्वस्त मार्ग' हे बिरूद तिला हमखास लावले जाते. ते खोटे नाही. परंतु ही स्वस्ताई कशातून येते हे न पाहता माल आणि प्रवासी या दोहोंना एकच माप लावले जाते, याला माझा आक्षेप आहे.

जहाजाचा भार पाणी पेलते आणि इंजिनाला केवळ पाण्याचा विरोध कापावा लागतो. मात्र हा लाभ संथ चालणाऱ्यालाच मिळतो. वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने आठपट शक्ती लागते. कोळसा, खनिज किंवा धान्य उशीर सोसते, माणूस सोसत नाही. म्हणूनच महासागर ओलांडणाऱ्या नियमित प्रवासी जहाजांना विमानांपुढे माघार घ्यावी लागली (आजची आलिशान जहाजे सहलीची आहेत, प्रवासाची नव्हेत), तर जिथे पूल नाही किंवा रस्त्याचा वळसा फार मोठा आहे, तिथे साधी फेरीबोट आजही टिकून आहे.

मालाच्या बाबतीतही खरा हिशेब धक्क्यावर होतो. पोती आणि खोकी एकेक करून चढवण्या-उतरवण्यात जहाजे पूर्वी कित्येक दिवस बंदरात अडकून पडत. १९५६ साली 'आयडियल-एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेले, आणि पुढे कंटेनरची मापे जगभर एकसारखी झाल्यावर तीच पेटी न उघडता जहाजावरून रेल्वेवर किंवा ट्रकवर जाऊ लागली. जहाजाच्या इंजिनापेक्षा या पेटीने वाहतूक अधिक स्वस्त केली, असे माझे मत आहे.

राहिले पाणी. ते फुकट असते, हा समज तर अगदीच भाबडा. २०१८ मध्ये ऱ्हाईन नदी आटली तेव्हा तळ लागू नये म्हणून बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू बोटी) अर्धवट भरून न्यावे लागले. पनामा कालव्यात जहाजे तलावातून सोडलेल्या गोड्या पाण्याच्या जोरावर दरवाजेबंद टाक्यांतून चढ-उतार करतात. २०२३ च्या अवर्षणात तिथल्या रोजच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या.

तेव्हा एखाद्या जलमार्गाची बातमी छापताना केवळ प्रतिटन खर्चाचा आकडा न देता कोरड्या ऋतूत पात्रात किती खोली उरते, गाळ कोण आणि किती वेळा काढणार, आणि धक्क्यापासून पुढे माल कसा जाणार, हेही आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक